बाजारात अडकलेला दिवस

१२ मे १८७५. बुधवार, सुप्याच्या बाजाराचा दिवस. आज बारामती तालुक्यात मोडणारे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यातले मोठे बाजारगाव होते. आसपासच्या गावांतले कुणबी बाजाराला जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी आधी मागितल्या त्या वह्या आणि कर्जरोखे. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली ती इथून.

कर्ज आणि व्याज यांच्या अंगाने हा दंगा पुष्कळदा सांगितला जातो. त्याला वेळेचीही एक बाजू आहे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. कुळावर व्याज साठत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. घडले ते उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि जुने मुद्दल, थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल उभे राही. खळ्यावरून धान्य सावकाराच्या घरी गेले तरी त्याची पावती मिळेलच असे नव्हते. किती फिटले आणि किती राहिले हे जाणायला शेतकऱ्याने सावकाराच्या ओट्यावर खेटे घालायचे आणि वहीत असेल ते ऐकून परतायचे. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने हा सगळा व्यवहार तपासला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. रोखा गावच्या निबंधकापुढे नोंदवायचा, दिलेल्या पैशाची पावती द्यायची, मागितल्यास हिशोब लेखी द्यायचा, अशी बंधने त्यात आली. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचवण्याचा या मुलखातला हा पहिला मोठा कायदेशीर प्रयत्न म्हणावा लागेल.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत विक्रीच्या व्यवहारातला वेळ कसा वाया गेला आणि कसा वाचवला गेला, याचा इतिहास असा वही, वजन आणि भाव यांच्याभोवती फिरतो. विकणारा ताटकळला तो बहुतेक वेळा यातले काही ना काही त्याच्यापासून झाकलेले होते म्हणून.

रेल्वे इथे लवकर आली. १८५८ साली पुण्याहून निघालेली गाडी इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत पोहोचली. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि भीमेच्या काठचा माल सलग रुळांवरून मुंबईला जाऊ लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते, ते याच काळात. बैलगाड्यांच्या तांड्यांना घाट उतरायला लागणारे दिवस वाचले. मात्र हा वाचलेला वेळ पडला व्यापाऱ्याच्या पदरात. मुंबईचा भाव त्याला तारेने कळे. शेतकऱ्याला तो कळे व्यापाऱ्याच्या तोंडून, तोही व्यापाऱ्याला सांगावासा वाटला तर.

पुढचा बदल पाण्याने केला. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर भाटघरच्या धरणाचे काम निघाले आणि १८८५च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे वाहू लागले. ज्वारी-बाजरीच्या जोडीला ऊस आला, उसामागोमाग गुऱ्हाळे आली. १९१४ साली दौंड-बारामती हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला. कालव्याकाठचा गूळ आता बारामतीच्या पेठेतून थेट बाहेर जाऊ शकत होता.

गुऱ्हाळावर घटकेचा हिशोब कडक असतो. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढत राहावी लागते. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या बुडबुड्यांवरून ओळखतो. थोडा उशीर झाला की गूळ करपतो, घाई केली तर ढेप धरत नाही. इतक्या नेमक्या वेळेवर झालेला माल पेठेत पोहोचला की खोळंबून पडायचा.

जुन्या अडत पेठांत हे कसे चाले, याचे वर्णन सगळीकडे सारखेच सापडते. शेतकरी रात्री गाडी जुंपून पहाटे पेठेत येई. गाडी अडत्याच्या दुकानापुढे उभी करी. नमुना काढला जाई, तो हातोहात फिरे. मग अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हातात हात घालत. बोटे धरून, दाबून, सोडून भाव ठरे. हीच हत्ता पद्धत. ज्याचा माल तो दोन हातांवर उभा, पण कोणी काय बोली केली आणि कोणाची का नाकारली, यातले अक्षरही त्याला कळत नसे. त्यानंतर मापाड्याची वाट पाहायची, हमालाची वाट पाहायची, हिशोबाच्या पट्टीची वाट पाहायची. पट्टी हातात आली की अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, वजनातला कडता अशा कपातींची रांग दिसे. हुज्जत घालायला दिवस उरलेला नसे, कारण अंधाराआधी गाडी गावाला लागायला हवी. विकणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याची सवड यांच्यामधल्या अंतरात पेठेचा नफा मुरत होता.

या कपातींची आणि झाकलेल्या बोलीची दखल लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने १९२८च्या अहवालात घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. वऱ्हाडात कारंज्याचा कापूस बाजार १८८६पासून नियमाखाली आला होता, मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला होता. १९३९च्या मुंबई कायद्याने इतर शेतमालालाही ही चौकट दिली आणि १९६३च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती राज्यभर एकसारखी केली. उघड लिलाव, परवानाधारक तोलार, ठरलेल्या कपाती आणि छापील हिशोबपट्टी या चार गोष्टी आज बाजार समितीच्या आवारात कोणाला नवलाच्या वाटत नाहीत. पण लिलावाची वेळ ठरली, बोली मोठ्याने पुकारली गेली, तेव्हा शेतकऱ्याचा अर्धा दिवस सुटला. त्याने आवाराच्या वेळेला यायचे, कानाने भाव ऐकायचा, पसंत नसेल तर माल राखायचा.

उसाचा मार्ग निराळा झाला. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण मिळाले आणि पाठोपाठ इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे माळेगाव आणि भवानीनगर इथे सहकारी कारखाने आले. ऊस तुटल्यापासून गाळपाला जितका उशीर, तितका साखरेचा उतारा कमी. म्हणून इथे लागणीची नोंद, नोंदीच्या तारखेनुसार तोडीचा कार्यक्रम आणि वजनकाट्यावरची पावती अशी साखळी बसली. ती अजूनही कुठे कुठे तुटते आणि हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. तरी तारखेची नोंद हातात असलेला सभासद दाद मागू शकतो, ही साधी गोष्ट नाही.

भाव कळण्याची वाट मात्र फार काळ लांबची राहिली. १९५३ साली पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि शेतीच्या कार्यक्रमांबरोबर बाजारभाव घरात ऐकू येऊ लागले. २००५ साली ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले दैनिक निघाले. बाजारभावांचे पान आधी उघडणारे वाचक त्याला खेडोपाडी मिळाले. त्या पानावर आदल्या दिवसाचा भाव असे, पण गाडी भरायची की थांबायचे हे ठरवायला तेवढा पुरे होई.

उजनी धरणात १९८०च्या सुमारास पाणी साठू लागले आणि भीमाकाठची गावे, शेते, जुन्या वाटा त्याखाली गेल्या. त्याच पाण्यातून भिगवणचा मासळी बाजार वाढला. कटला, रोहू, मरळ, चिलापी, वाम. मासळीला थांबायला सवड नसते. जात आणि आकार पाहून माल वेगळा होतो, वजन होते, पुकारा होतो, बर्फात भरून गाडी सुटते. वर्गवारी आधी आणि भाव नंतर, हा क्रम तिथे कोणी पुस्तकातून शिकवलेला नाही. मिसळलेल्या मालावर घासाघीस करत बसले तर मासळीच हातची जाते.

ऑनलाइन विक्री आली ती या सगळ्यावर. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम हा राष्ट्रीय बाजारमंच सुरू केला. प्रवेशद्वारावर नोंद, मालाला लॉट क्रमांक, गुणवत्तेची तपासणी, ठरलेल्या मुदतीत संगणकावर किंवा मोबाइलवर बोली, मग वजन आणि बँकेत पैसे, असा त्याचा क्रम. बारामतीच्या बाजार समितीत रेशीम कोषही या वाटेने विकले जाऊ लागले. वेळ हा कोषाचा मोठा शत्रू. आत पतंग तयार होत असतो. तो कोष फोडून बाहेर आला की सलग धागा निघत नाही, म्हणून मोजक्या दिवसांत माल विकावाच लागतो. पूर्वी त्यासाठी कर्नाटकातल्या रामनगरचा बाजार गाठावा लागे. शेकडो किलोमीटरचा रात्रीचा प्रवास, वाहनाचे भाडे, परक्या भाषेतला सौदा आणि माल परत आणण्याची सोय नाही. जवळच्या आवारात दूरचा खरेदीदार बोली लावू लागला की ही सगळी ओढाताण एका फटक्यात संपते.

आता इंदापूरचा डाळिंबवाला किंवा बारामतीचा गूळ-काकवी विकणारा तरुण मोबाइलवरच दुकान चालवतो. त्याला अडत्यापुढे उभे राहावे लागत नाही, तरी त्याचा दिवस अडकतोच. सकाळपासून दहा ग्रुपवर भाव पाहणे, प्रत्येक गिऱ्हाईकाला वजन, दर आणि पोहोचीचा खर्च नव्याने टाइप करून सांगणे, ऑर्डरी संभाषणात विखरून ठेवणे, मग रात्री कोणाचे पैसे आले ते शोधत वर वर सरकत बसणे. यातल्या प्रत्येक सवयीला या मुलखाच्या पेठेने आधीच उतारा काढून ठेवलेला आहे. मासळीसारखी वर्गवारी आधी करून फोटो आणि दर एकदाच मांडावेत. लिलावासारखी उत्तरे देण्याची वेळ ठरवून ती गिऱ्हाईकाला कळवावी. बाजारभाव दिवसातून एकदा, आकाशवाणीच्या वेळेसारखा, पाहून पुढच्या कामाला लागावे. ऑर्डर आली की क्रमांक टाकून वहीत किंवा संगणकात नोंद व्हावी आणि पैसे आले की लगेच पावती जावी.

घरात बसून विकणाऱ्याला एवढे स्वतः करता येते. ई-नामवरच्या विक्रीत तपासणी आणि पैसे हे दोन टप्पे मात्र एकट्याच्या हातातले नाहीत. बोली मिनिटांत लागली आणि गुणवत्तेचा दाखला मिळायला दुपार झाली, किंवा लॉट विकला गेला आणि रक्कम खात्यात यायला आठवडा लागला, तर गाडी पेठेत उभी असल्यासारखीच. प्रत्येक आवारात चालू स्थितीतली तपासणी यंत्रे, ती चालवणारी शिकलेली माणसे आणि वजन झाल्या दिवशीच पैसे, ही मागणी बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याने आपल्या बाजार समितीपुढे लावून धरायला हवी. समितीवरचे संचालक निवडून येतात आणि निवडणुकीच्या प्रचारात विचारायला हा प्रश्न सोपा आहे: गेल्या हंगामात आवारात आल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत किती तास लागले?