जावरची चांदी आणि आपण

उदयपूरला येणारा मराठी पाहुणा पिछोला सरोवर, राजवाडा आणि एकलिंगजी पाहून परततो. तेथून दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर टीडी नदीकाठी वसलेल्या जावरला सहसा कोणी जात नाही. जो जाईल त्याला पडक्या घरांच्या भिंतींत विटांच्या जागी भाजलेल्या मातीची लांबट भांडी रचलेली दिसतील. जस्त गाळून झाल्यावर टाकून दिलेल्या या मुशी होत.

मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई हे येथील डोंगर अरवली शैलसमूहातील आहेत. एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे डोलोमाइट बनले, पुढे ते दुमडले, तडकले, आणि त्यांत शिसे व जस्त यांची गंधकयुक्त खनिजे एकवटली. या घटनेस दीड अब्जाहून अधिक वर्षे लोटली. चांदी येथे स्वतंत्रपणे सापडत नाही. ती शिशाच्या खनिजात अल्पांशाने दडलेली असते. म्हणून प्रथम शिसे गाळावयाचे, मग ते हाडांच्या राखेच्या पात्रात हवेच्या झोतात तापवावयाचे. शिशाची भस्मे पात्रात मुरतात आणि चांदीचा मणी तेवढा शिल्लक राहतो. खडक फोडण्यासाठी त्यावर जाळ करीत. जुन्या बोगद्यांतील लाकडांचा काळ दोन हजार वर्षांहून मागे जातो. मेवाडची परंपरा या खाणींचे श्रेय राणा लाखा (१३८२–१४२१) यास देते. त्याने त्या नव्याने चालविल्या असे म्हणणेच अधिक युक्त.

जावरची खरी कीर्ती मात्र जस्ताची. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि खनिजातून ते सुटे करण्यास याहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे ते वाफेच्या रूपानेच बाहेर पडते व हवा लागताच जळून भस्म होते. जावरच्या कारागिरांनी मुशी भट्टीत उलट्या बसविल्या, वाफ खाली उतरविली आणि थंड भांड्यात धरली. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात वांग्याच्या आकाराची 'वृंताक मूषा' वर्णिली आहे. १९८३ साली उत्खननात तशाच छत्तीस मुशी भट्टीत जागच्या जागी आढळल्या. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्त गाळण्याचे पेटंट १७३८ साली घेतले, तोवर येथे या धंद्याच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या.

आता आपल्याला अवघड वाटणारा भाग. १७३६ साली पहिले बाजीराव उदयपूरला आले आणि मेवाडवर चौथाई बसली. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपुरास वेढा घातला व जबर खंडणी ठरविली. पुढे शिंदे-होळकरांच्या फौजा मेवाडात वारंवार वावरल्या. १७५९ च्या सुमारास जावरचे उत्पन्न दोन लाख रुपयांहून अधिक होते, अशी नोंद कर्नल टॉडने दिली आहे. १८१८ मध्ये तो येथे इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आला, तेव्हा खाणी बंद होत्या. टॉडला मराठ्यांविषयी प्रेम नव्हते आणि इंग्रजी अंमलाची थोरवी त्याला गावयाची होती, हे विसरू नये. १८१२-१३ च्या भीषण दुष्काळाचाही वाटा आहेच. तरीही पानिपतच्या गोष्टी सांगणाऱ्या आपण मुलांना हेही सांगितले पाहिजे, की खाण चालावयास सरपण, धान्य, बैल आणि उद्याची खात्री लागते. आणि त्या खात्रीवर घाला घालणाऱ्यांत आपल्या फौजाही होत्या. येथील माणसे हे जाणतात. मेवाडात 'मरहट्टा' या शब्दाला अजून जुना वास आहे. आपल्याशी बोलताना ते तो सौजन्याने टाळतात, एवढेच.

विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. १९६६ साली त्या हिंदुस्तान झिंक या सरकारी कंपनीकडे आल्या आणि २००२ मध्ये कंपनीची सूत्रे खाजगी हाती गेली. जावरच्या शिशाबरोबर आजही चांदी निघते.