श्रोत्यांनीं राखलेला आवाज

गवई गेला कीं त्याचें गाणेंहि त्याच्याबरोबर जातें, ही समजूत फार जुनी आहे. चित्रकाराचें चित्र मागें राहतें, कवीची पोथी राहते. गाणाऱ्याचें कांहीं राहिलेंच तर तें शिष्याच्या गळ्यांत आणि श्रोत्याच्या आठवणींत. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गाण्याचें वर्णन करणारे पुष्कळ झाले, पण त्यांच्या आवाजाची एकहि तबकडी नाहीं. अल्लादियाखां १९४६ पर्यंत हयात होते, तबकड्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत भरभराटला, तरी यंत्रापुढें गाण्यास ते राजी झाले नाहींत. हीं तर पुण्या-मुंबईंत गाजलेलीं नांवें. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ज्यांनीं कीर्तनें केलीं, कवाल्या म्हटल्या, जलसे गाजविले, त्यांच्या दारीं तबकडीवाली कंपनी कशाला जाते? त्यांचा आवाज आज जेवढा म्हणून शिल्लक आहे, तेवढा बहुतेक सारा श्रोत्यांनीं राखलेला आहे.

श्रोत्यानें स्वतःच यंत्र घेऊन बसावें, ही कल्पना ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी म्हणतां येईल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या नाट्यगृहाचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यानें १९०१ ते १९०३ या काळांत एडिसनचें फोनोग्राफ यंत्र आधीं सूचकाच्या कोनाड्यांत आणि मग रंगमंचाच्या वरच्या अंगास ठेवून, चालू प्रयोगांतील गाणीं मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतलीं. नळकांडें हां हां म्हणतां संपे आणि गाणें मध्येंच तुटे. आवाज दुरून, वाऱ्यांतून आल्यासारखा. तरी ज्यां द रेश्के या त्या काळच्या विख्यात गायकाचा आवाज आज कोणास ऐकावयाचा असेल, तर या तुटक्या नळकांड्यांवांचून दुसरें साधन उरलेलें नाहीं.

आपल्याकडे तबकडीसाठीं गाणें टिपण्यास प्रारंभ झाला तो १९०२ सालीं कलकत्त्यास; गोहरजान यांचा आवाज त्याच वर्षीं मुद्रित झाला. पण तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. विलंबित ख्यालाची नुसती मांडणी व्हावयास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यांत आलाप, बोल, ताना सारें उरकून गवयानें गप्प बसावयाचें! अब्दुल करीमखांसारख्यांनीं या एवढ्याशा जागेंतहि अमृत ओतलें, हें त्यांचें मोठेपण. परंतु त्या तबकड्यांवरून त्यांची सबंध रात्रीची मैफल कशी असेल याचा अदमास बांधणें म्हणजे पानाच्या एका विड्यावरून सगळ्या पंगतीची कल्पना करणें होय. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, तबकडी गातांना समोर श्रोता नसतो. 'वाहवा' म्हणणारा कोणी नाहीं, पुढें बसून मान हलविणारा जाणता नाहीं. मैफलींत गवई जें गातो त्यांतलें निम्में समोरच्या माणसांनीं त्याच्याकडून काढून घेतलेलें असतें.

हें निम्में हातीं लागलें तें ध्वनिफितीमुळें. फितीवर ध्वनि उतरविणारें यंत्र १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आलें आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरलें. बाराशें फुटांचें सात इंची चक्र सेकंदास पावणेचार इंच या गतीनें चालविलें, तर एका बाजूस तासाहून किंचित अधिक गाणें मावतें. म्हणजे एक सबंध राग, न तोडतां. पुण्या-मुंबईंतील ज्या सधन रसिकांस असलीं परदेशी यंत्रें आणवितां आलीं, त्यांच्या दिवाणखान्यांतील मैफली अशा रीतीनें टिकल्या. अमीरखांसाहेबांचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. त्यांच्या हयातींत त्यांच्या मोजक्याच तबकड्या निघाल्या. १९७४ सालीं कलकत्त्यास मोटारीच्या अपघातांत ते गेले, आणि त्यानंतर नभोवाणीच्या व खासगी मैफलींच्या फिती एकामागून एक बाहेर आल्या. आज तरुण गवई त्यांच्या झूमऱ्यांतील संथ बढतीचा जो अभ्यास करितात, तो पुष्कळसा या फितींवरच. नभोवाणी केंद्रांतून जुनी फीत पुसून तिच्यावर नवें मुद्रण करण्याची चाल फार दिवस होती. त्यामुळें कित्येक कार्यक्रम केंद्रांत नाहींसे झाले, पण घरीं यंत्र लावून बसलेल्या एखाद्या श्रोत्याच्या कपाटांत मात्र राहिले.

सर्वच कलावंतांना हें रुचत होतें असें नव्हे. केसरबाई केरकरांच्या मैफलींत ध्वनिमुद्रणास सक्त मनाई असे. यास नुसता हट्ट म्हणणें अन्यायाचें होईल. जी विद्या गुरूपाशीं वर्षानुवर्षें घासून मिळविली, ती कोणीहि यंत्राची कळ दाबून घरीं न्यावी, हा विचारच त्यांना सहन होण्यासारखा नव्हता. आणि गाण्यावर पोट असणाऱ्यांस त्यांत पोटाचाहि प्रश्न होता. दैवयोग असा कीं, १९७७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं त्या निवर्तल्या त्याच वर्षीं, अमेरिकेनें सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडींत त्यांच्या भैरवीचा समावेश झाला. खुर्चीखालीं यंत्र लपविणाऱ्यास ज्यांनीं क्षमा केली नसती, त्यांचा आवाज सूर्यमालेच्याहि पलीकडे चालला आहे!

मराठवाड्याची कथा याहून निराळी आणि बरीच उशिराची. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता. मनमाडहून येणारी लोहमार्गाची वाट १९०० च्या सुमारास नांदेडास पोंचली. लातुरास बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ सालीं आली. गवई-कीर्तनकारांचा येण्याजाण्याचा मार्ग यामुळें सुकर झाला खरा, पण त्यांच्यामागून यंत्र आलें नाहीं. नभोवाणीचें केंद्र परभणीस निघालें तें १९६८ सालीं आणि नांदेडास १९९१ सालीं. चक्रांचा टेपरेकॉर्डर विकत घेण्याइतकी ऐपत फारच थोड्यांची, आणि ज्यांची होती त्यांच्या गांवीं बहुधा वीज नव्हती. या भागांतील श्रोत्याच्या हातीं साधन पडलें तें कॅसेटच्या रूपानें. फिलिप्स कंपनीनें ही लहानशी डबी १९६३ सालीं काढली. आपल्याकडे ती १९७० नंतर दिसूं लागली आणि पुढील दहा वर्षांत खेडोपाडीं पसरली. आखाती देशांत कामास गेलेल्या माणसांनीं परत येतांना आणलेलीं जपानी यंत्रें हें त्याचें एक कारण. दुसरें कारण त्याहून साधें: हें यंत्र बॅटरीच्या सेलांवर चालत असे.

मग देवळाच्या पटांगणांत कीर्तन उभें राहिलें कीं बुवांच्या पायांपाशीं, वीणेकऱ्याच्या बाजूस, दोनतीन टेपरेकॉर्डर मांडलेले दिसूं लागले. ज्यास पुढें जागा मिळाली नाहीं तो कर्ण्याखालीं यंत्र धरून उभा राही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासांत संपते. ती उलटविण्यास जे पांचदहा क्षण लागत, तेवढ्यांत बुवांनीं दृष्टान्ताचा शेवट सांगून टाकलेला असे, आणि तो शेवट त्या कॅसेटींत कायमचा गळालेला. म्हणून चतुर श्रोते दोघे मिळून बसत व एकाची बाजू संपण्यापूर्वीं दुसरा आपलें यंत्र सुरू करी. नव्वद मिनिटांची कॅसेट सोयीची, पण तिची फीत पातळ. एकशेंवीसची तर यंत्रांत गुरफटून बसे. मग पेन्सिल घालून ती हलकेच गुंडाळावयाची. कॅसेटच्या पाठीवरील दोन बारीक खुंट्या मोडून टाकल्या म्हणजे तिच्यावर पुन्हां मुद्रण होत नसे. ज्यांनीं त्या मोडल्या त्यांचीं कीर्तनें राहिलीं. ज्यांनीं मोडल्या नाहींत, त्यांच्या घरीं ज्ञानेश्वरीवरील निरूपणाच्या डोक्यावर सिनेमाचीं गाणीं येऊन बसलीं, आणि त्यांस आतां इलाज नाहीं.

या कॅसेटी ऐकतांना पहिल्यानें कानीं पडतो तो गलका. पोराचें रडणें, टाळकऱ्याचा खोकला, कर्ण्याची शीळ, मध्येंच देणगीदारांचीं नांवें पुकारणारा कार्यकर्ता. कंपनीच्या मुद्रणांत हें सारें गाळलेलें असतें. येथें तें आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तें असणेंच चांगलें. अभंगाचें कोणतें चरण आल्यावर सभा एकदम स्तब्ध झाली, कोठें हंशा पिकला, कोणत्या गांवीं टाळकऱ्यांनीं कोणती चाल धरली, हें लिखित चरित्रांत सांपडत नाहीं.

नांदेड जिल्ह्यांतील देगलूरच्या परंपरेतले धुंडामहाराज देगलूरकर (१९०४–१९९२) हे वारकरी संप्रदायांतील थोर निरूपणकार. त्यांना दीर्घ आयुष्य लाभलें आणि उत्तरायुष्य कॅसेटच्या काळांत गेलें, हें भाविकांचें भाग्य. त्यांचीं प्रवचनें त्यामुळें ऐकावयास मिळतात. त्यांच्या आधींच्या पिढ्यांचें असें कांहीं नाहीं. लातूर जिल्ह्यांतील औसें येथील नाथ संस्थानाचें चक्रीभजन तर असें कीं, तें नुसत्या शब्दांनीं कोणास समजावितां येत नाहीं. भजन म्हणणारे पावलें टाकीत फिरतात, त्यांच्या फिरण्याबरोबर आवाज जवळ येतो, दूर जातो. एका जागीं ठेवलेल्या यंत्रांत हें येणेंजाणें आपोआप उतरतें. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलींत तें साधलें नसतें. नांदेडच्या सचखंड श्री हजूरसाहिब येथील शबद-कीर्तन, कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याचा उरूस, माळेगांवची खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, येथेंहि श्रोते यंत्रें घेऊन जात. धर्म निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, कॅसेटची डबी मात्र एकच.

पण ज्यांच्या बाबतींत श्रोत्यांचें हें काम सर्वांत मोलाचें ठरलें, ते आंबेडकरी जलशांचे शाहीर. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर तालुक्यांतले, परंतु मराठवाड्यानें त्यांना आपलेंच मानलें. त्यांनीं हजारों गीतें रचलीं. त्यांतलीं कांहीं इतर गायकांच्या आवाजांत बाजारांत आलीं व घरोघर वाजलीं. पण वामनदादा स्वतः रात्र रात्र गात, समोरचा समाज पाहून गीत निवडीत, एखादें कडवें तेथल्या तेथें जोडीत. हीं जोडलेलीं कडवीं छापील संग्रहांत कशीं येणार? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून जानेवारी १९९४ पर्यंत चालला. नांदेड जिल्ह्यानें त्यांत जिवाची किंमत मोजली. त्या सोळा वर्षांत सभांतून जीं गाणीं झालीं, त्यांपैकीं पुष्कळ त्या त्या प्रसंगापुरतीं रचलेलीं होतीं. वर्तमानपत्रांत सभेची बातमी सांपडते, वक्त्यांचीं नांवें सांपडतात. शाहिरानें काय गाइलें तें सांपडत नाहीं. उद्यांच्या इतिहासकारास या लढ्याचा सूर ऐकावयाचा असेल, तर त्याला मजुराच्या, शिक्षकाच्या, वसतिगृहांतील विद्यार्थ्याच्या पेटींतली कॅसेट शोधावी लागेल.

परवानगीचा प्रश्न येथेंहि होताच. कीर्तनकारानें हरिकथेचें मोल मागूं नये असा दंडक, त्यामुळें बुवा सहसा ना म्हणत नसत. शाहिराचें तसें नव्हे. एका कार्यक्रमाची कॅसेट दहा गांवीं वाजली तर त्या गांवांत त्याला बोलावणें येई, हा लाभ. आणि कोणी व्यापारी तीच कॅसेट शंभरांच्या हिशेबानें उतरवून विकूं लागला तर शाहिराच्या हातीं कांहींच पडत नसे, ही हानि. कायद्यानें गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मान्य केला तो १९९४ च्या दुरुस्तीनें, आणि त्याची मुदत पुढें पन्नास वर्षांची झाली. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमानें स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं किंवा अध्यापन-संशोधनासाठीं केलेल्या मुद्रणास दोष धरलेला नाहीं. ही वाटणी शहाणपणाची आहे. ऐकण्यासाठीं राखणारा निराळा आणि विकण्यासाठीं उतरविणारा निराळा, हा भेद खेड्यांतील श्रोते कायद्याच्या आधींपासून ओळखीत होते.

आतां या ठेव्याची प्रकृति. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लावलेला लोखंडाच्या गंजाचा लेप. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं ती वांकते, पावसाळ्यांत तिच्यावर बुरशी चढते, फार वर्षें न वाजवितां ठेवली तर एका वेढ्याचा ध्वनि शेजारच्या वेढ्यावर उमटतो व शब्दापूर्वींच शब्दाची सावली ऐकूं येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें माणसांसकट बसलीं. पेट्या-संदुकांत काय होतें हें विचारण्याची ती वेळ नव्हती. मोठ्या शहरांतून अशा ठेव्यासाठीं संस्था निघाल्या आहेत. दिल्लीजवळ गुडगांवला संगीताचें एक संशोधन-भांडार आहे, आणि मुंबईंत १९९० सालीं तबकड्या जमविणाऱ्यांनीं आपला संघ स्थापन केला. नांदेडास १९९४ पासून विद्यापीठ आहे. कॅसेटींतील ध्वनि संगणकावर उतरविणें हें आज कठीण काम राहिलेलें नाहीं; कठीण आहे तें कॅसेट कोणाची व कोठली हें ठरविणें. पुष्कळ डब्यांवर 'महाराज, सप्ताह, दिवस तिसरा' एवढेंच लिहिलेलें असतें. कोणता गांव, कोणतें साल, कांहीं नाहीं. लिहिणाऱ्यास तें माहीत होतें, मग लिहावें कशाला?

यांत आणखी एक मौजेची अडचण आहे. यंत्रांतील सेल कार्यक्रम संपतां संपतां उतरत, फीत मंद चाले; आणि मंद चालून मुद्रित झालेली फीत आज योग्य गतीनें वाजविली म्हणजे आवाज चढा व घाईचा ऐकूं येतो. भारदस्त गळ्याचे बुवा शेवटच्या अभंगांत पोरासारखे बोलूं लागतात. पेटीची साथ असेल तर सुधारणा सोपी, कारण पेटीचे सूर ठरलेले. काळी चार कोठें बोलते तें पाहून गति बसवितां येते. नुसत्या वीणा-मृदंगावरील कीर्तनास हा उपाय लागू पडत नाहीं. तेथें ज्यानें त्या बुवांना समोर बसून ऐकलें आहे असा एखादा म्हातारा टाळकरी जवळ बसवावा लागतो. गति हळूहळू कमी करीत जावें, आणि त्यानें हात वर करून "हां, हे महाराज" असें म्हटलें कीं थांबावें.