मालकी सोडली, पण लोभ सुटला का? : फ्रान्सिस्कन संघ आणि दारिद्र्यव्रताचा वाद

प्रस्तावना

वसतिगृहातील खोली आपल्या मालकीची नसते, आपण ती फक्त वापरतो. तरीही सुटीहून परतल्यावर खिडकीजवळच्या आपल्या खाटेवर दुसरा कोणी बसलेला दिसला की राग येतो. म्हणजे वस्तू आपली नसतानाही तिच्यात जीव अडकतो. मग मालकी सोडल्याने लोभ सुटतो का? तेराव्या आणि चौदाव्या शतकांत युरोपातील एका ख्रिस्ती संन्यासी संघात याच प्रश्नावर मोठा वाद झाला. त्यात काही जणांना प्राणही गमवावे लागले. प्रस्तुत टिपणात आपण तो वाद पाहू.

१. लोभ हे कोणत्या प्रकारचे पाप?

पोप ग्रेगरी पहिले (मृत्यू ६०४) यांनी मांडलेल्या मुख्य पापांच्या क्रमात गर्व हे सर्व पापांचे मूळ होते. पुढे इटलीतील शहरांत व्यापार वाढला. १२५२ मध्ये फ्लॉरेन्स आणि जेनोवा या शहरांनी सोन्याची नाणी पाडली. पैसा खेळू लागला तसा धर्मोपदेशकांचा रोख गर्वाकडून लोभाकडे वळला, असे इतिहासकार लेस्टर लिटल यांनी दाखवून दिले आहे.

याच काळात थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी एक महत्त्वाचा भेद केला. खादाडपणाचे सुख शरीराला मिळते. लोभाचे सुख मात्र 'हे माझे आहे' या जाणिवेत असते. म्हणून लोभाचा विषय भौतिक असला, तरी ते पाप आत्म्याचे आहे. यातून एक अडचण उभी राहते : रोग मनात असेल, तर वस्तू टाकून देणे हे त्याचे औषध होऊ शकते का?

२. असिसीचे फ्रान्सिस

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ मध्ये मध्य इटलीतील असिसी येथे झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. १२०६ च्या सुमारास वडिलांशी वाद झाला, तेव्हा फ्रान्सिस यांनी बिशपसमोर अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांना परत केले. पुढे त्यांच्याभोवती अनुयायी जमले. १२२३ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी संघाच्या नियमावलीला मान्यता दिली. तिच्यानुसार बंधूंनी नाणी किंवा पैसा स्वतः घ्यायचा नाही आणि दुसऱ्यामार्फतही घ्यायचा नाही. घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली म्हणायची नाही. अन्न मिळवायचे ते श्रम करून किंवा भिक्षा मागून.

३. कागदावरची तोड

फ्रान्सिस १२२६ मध्ये वारले. दोनच वर्षांत असिसीत त्यांच्या नावाने भव्य चर्चची पायाभरणी झाली. संघ झपाट्याने वाढत होता. बंधू विद्यापीठांत शिकवू लागले होते. त्यांना ग्रंथ, इमारती, धान्य यांची गरज होती. मग नियम पाळायचा कसा?

यावर कायद्याची तोड निघाली. १२३० मध्ये पोप ग्रेगरी नववे यांनी बंधूंसाठी बाहेरच्या व्यक्तीने पैसे सांभाळण्याची मुभा दिली. १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी ठरवले की दात्याने मालकी स्वतःकडे राखली नसेल, तर वस्तूंची मालकी पोपपीठाची आणि वापर बंधूंचा. १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी या 'मालकीविना वापरा'ला भक्कम आधार दिला.

संघातील कडव्या गटाला ही पळवाट वाटे. हा गट 'स्पिरिच्युअल' म्हणून ओळखला जातो. मालकी नाही एवढ्याने भागत नाही, वापरही गरिबासारखाच हवा, असे त्यांचे म्हणणे. १३१७ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्यांना तोकडे झगे सोडण्याची आणि धान्याच्या कोठारांबाबत वरिष्ठांचे ऐकण्याची आज्ञा केली. ती न मानणाऱ्या चार बंधूंना १३१८ मध्ये मार्से येथे जिवंत जाळण्यात आले.

या गटाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. तोलेंतिनोचे तोमासो यांना दारिद्र्यव्रताच्या आग्रहापायी संघाच्याच वरिष्ठांनी कैदेत टाकले होते. सुटकेनंतर ते आर्मेनियात आणि पुढे पूर्वेकडे गेले. १३२१ मध्ये ठाणे येथे धार्मिक वादातून ते आणि त्यांचे सोबती मारले गेले.

४. पोपचा बिनतोड प्रश्न

१३२२ मध्ये पोप जॉन यांनी ही तोडच मोडीत काढली. त्यांचे दोन युक्तिवाद लक्षात ठेवावेत. पहिला कायद्याचा : जी वस्तू वापरताच संपते, तिचा वापर मालकीपासून वेगळा कसा करणार? बंधूने खाल्लेल्या भाकरीची मालकी पोपकडे आहे, याला काय अर्थ? दुसरा नीतीचा : मालकी सोडल्यावरही वस्तूंची काळजी पूर्वीइतकीच राहत असेल, तर त्या त्यागाने आत्मिक उन्नती होत नाही. १३२३ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन, ख्रिस्त आणि प्रेषित यांच्या मालकीचे काहीच नव्हते, हे मत पाखंड ठरवले. संघप्रमुख मिकेले दा चेझेना आणि तत्त्वज्ञ ओकॅमचे विल्यम १३२८ मध्ये आव्हिन्यों येथून पळून पोपचे विरोधक सम्राट लुडविग यांच्या आश्रयाला गेले.

५. मूल्यमापन

पोप जॉन यांचा दुसरा युक्तिवाद खोडणे कठीण आहे. भिक्षेकऱ्याचाही जीव वाडग्यात अडकू शकतो. पण तोच युक्तिवाद श्रीमंताच्याही सोयीचा आहे. लोभ फक्त मनात असतो म्हटले की, भरल्या तिजोरीवर बसूनही 'माझे मन अलिप्त आहे' असे म्हणता येते आणि ते तपासायला कोणी येत नाही. नाण्याला हात लावू नका, हा फ्रान्सिस यांचा नियम इथे उपयोगी पडतो. त्याने मन शुद्ध होईलच असे नाही, पण मन स्वतःशी खोटे बोलत असेल तर ते उघडे पडते.

संघाच्या पुढच्या इतिहासातही हा ताण दिसतो. पेरुजिया येथे १४६२ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या पुढाकाराने गरिबांना तारणावर अल्प दराने कर्ज देणारी पेढी सुरू झाली. मात्र अशा पेढ्यांच्या प्रचारात ज्यू सावकारांविरुद्ध द्वेषही पसरवला गेला. लोभाचे खापर दुसऱ्या समाजावर फोडणे हीदेखील स्वतःच्या मनाकडे न पाहण्याचीच एक रीत होती. दुहेरी नोंद पद्धतीवरील पहिले छापील विवेचन १४९४ मध्ये प्रसिद्ध करणारे गणिती लुका पाचोली हेही फ्रान्सिस्कनच होते.

समारोप

दोन्ही पक्षांना लोभ हा आत्म्याचा रोग आहे हे मान्य होते. मतभेद उपचाराबद्दल होता. त्या वादातून दोन प्रश्न आपल्यापर्यंत येतात. वस्तू सोडली म्हणणाऱ्याला विचारावे : काळजी कमी झाली का? मन अलिप्त आहे म्हणणाऱ्याला विचारावे : मग सोडून का दाखवत नाही? यांपैकी एकच प्रश्न विचारला, तर लोभाला लपायला जागा मिळते.

विचारासाठी प्रश्न

१. 'मालकीविना वापर' ही प्रामाणिक तोड होती की पळवाट? कारणे द्या.
२. जैन परंपरेतील अपरिग्रह आणि फ्रान्सिस्कन दारिद्र्यव्रत यांची तुलना करा.
३. तुम्ही वापरता पण तुमच्या मालकीची नाही अशी एक वस्तू निवडा. ती उद्या काढून घेतली तर काय वाटेल, हे पाच ओळींत लिहा.