धाब्याचे घर (वऱ्हाड)

धाब्याचे घर हा वऱ्हाडातील मातीच्या सपाट छताच्या पारंपरिक घराचा प्रकार आहे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर परिसरासारख्या कापूस पिकवणाऱ्या भागात अशी घरे आढळतात. जाड भिंती व मातीचे छत यांमुळे ती उन्हाळ्यात थंड राहतात.

जागेचा वापर

कुटुंबाच्या गरजेनुसार जागेचा वापर बदलतो. वेचणीनंतर एखादी खोली कापसाने भरते व विक्रीनंतर पुन्हा राहण्यासाठी मोकळी होते. उन्हाळ्यात धाब्यावर वाळवण घालतात आणि रात्री झोपतात. भाऊ विभक्त झाल्यास पऱ्हाटीचा कुड उभारून, तो मातीने लिंपून माजघराचे दोन भाग केले जातात व दुसरी चूल मांडली जाते.

पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती घालावी लागते. हे काम टाळण्यासाठी अनेक ठिकाणी टिनपत्रे बसवण्यात आली. मात्र पत्र्याखाली घर तापते आणि झोपण्याचे धाबेही उरत नाही.