मोखाच्या जकातघरातील बरण्या

डिसेंबर १७६०. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक अरबस्तानास निघालेल्या पाच विद्वानांना एक सविस्तर आज्ञापत्र देतो. कोणत्या वनस्पती शोधाव्या, कोणती हस्तलिखिते विकत घ्यावी, हे त्यात आहेच. पण खरी लक्षवेधी आहेत ती वागणुकीची कलमे : स्थानिकांशी अत्यंत सौजन्याने वागावे, त्यांच्या धर्मावर आक्षेप घेऊ नये, आडूनही तुच्छता दाखवू नये, आणि मुसलमान स्त्रियांशी युरोपीय मोकळेपणाने वागू नये.

व्हिसा नावाची वस्तू तेव्हा नव्हती. त्याची जागा शिफारसपत्रे, जामीन राहणारा एखादा व्यापारी आणि स्थानिक अधिकाऱ्याची मर्जी यांनी घेतली होती. पत्र चुकीच्या हातचे असेल तर ते निरुपयोगी. याचा पहिला धडा मिळाला तो एका ख्रिस्ती मठात. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातील हस्तलिखिते पाहण्यास भाषापंडित फॉन हाफेन आणि नकाशाकार कार्स्टन नीबूर वाळवंट तुडवत गेले, पण आपल्या आर्चबिशपचे पत्र नाही म्हणून साधूंनी त्यांना दारातूनच परत पाठवले!

जेद्दा येथे ऑक्टोबर १७६२ मध्ये ही मंडळी पोहोचली. शहरात त्यांना त्रास झाला नाही. मात्र मक्केकडे उघडणाऱ्या वेशीजवळ बिगर-मुसलमानाने फिरकायचे नाही, हा दंडक ठाम होता.

येमेनमध्ये चित्र आणखी बदलले. ऑटोमन सत्तेला तेथून सतराव्या शतकातच हुसकावले गेले होते आणि झैदी इमामांचे स्वतंत्र राज्य होते. इस्तंबूलच्या सुलतानाचा शब्द तेथे चालत नव्हता. तरीही लुहय्या बंदराचा अमीर फरहान याने त्यांचे मनापासून स्वागत केले. निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल याने तेथे सूक्ष्मदर्शकाखाली ऊ दाखवली, तेव्हा अमिराचा एक सेवक म्हणाला की एवढी मोठी ऊ अरबी असणे शक्य नाही, ती फिरंगीच असली पाहिजे. हा प्रसंग नीबूरने स्वतःच नोंदवून ठेवला, हे त्याच्या स्वभावाचे लक्षण.

मोखा येथे मात्र घात झाला. कॉफीच्या व्यापाराचे हे बंदर युरोपीयांना सरावलेले, म्हणून तेथे अडचण कमी असेल असा समज होता. एप्रिल १७६३ मध्ये जकातघरात फोर्स्कोलच्या पेट्या उघडल्या गेल्या. तांबड्या समुद्रातील मासे, मद्यार्कात बुडवलेले प्राणी, आणि एका बरणीत साप. दुर्गंधी पसरली, शिवाय दारूचा वास! हे फिरंगी मुसलमानांना विष घालण्यास आले आहेत, अशी आवई क्षणात उठली. (विचित्र योगायोग असा की इस्तंबूलला फॉन हाफेनने खरोखरच सोमल विकत घेतला होता, पण त्याची धास्ती त्याच्या सहप्रवाशांनीच घेतली होती.) सामान बाहेर फेकले गेले आणि त्यांना राहण्यास घर मिळेना. एका इंग्रज व्यापाऱ्याने हात दिला. पुढे शहराच्या अधिकाऱ्याच्या पायाला जखम झाली, डॉक्टर क्रामर याला उपचारास बोलावणे आले आणि दारे पुन्हा उघडली.

जकातनाक्यावरच्या माणसांना अडाणी ठरवणे सोपे आहे. परंतु अनोळखी परदेशी सापांच्या बरण्या घेऊन कोपनहेगनच्या बंदरात उतरला असता, तर तेथेही त्याची चौकशी झालीच असती.

मे महिन्यात मोखातच फॉन हाफेन हिवतापाने गेला. जुलैमध्ये सनाच्या वाटेवर यरीम येथे फोर्स्कोल गेला. त्याला पेटीत पुरले, त्या पेटीत धन असेल या समजुतीने चोरांनी ती कबरही उकरली. उरलेले चौघे सनाला इमाम अल-महदी अब्बास याच्यासमोर उभे राहिले. त्याच्या हाताचे व वस्त्राच्या किनारीचे चुंबन घेण्याचा दरबारी रिवाज त्यांनी पाळला. इमामाने आदराने वागवले, पण आजारी मंडळींना मुंबईचे जहाज गाठायचे होते.

ऑगस्ट १७६३ मध्ये मोखाहून ते जहाज निघाले. चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्गग्रेन लागोपाठ दोन दिवसांत समुद्रावरच वारले. क्रामर मुंबईला पोहोचून फेब्रुवारी १७६४ मध्ये गेला. राहिला एकटा नीबूर.

आपल्या सोबत्यांच्या आजारांना युरोपीय पद्धतीचे खाणेपिणे कारणीभूत झाले, असे त्याचे मत बनले. डासांमुळे हिवताप होतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याचे निदान अपुरे होते. पण त्याने पुढचा प्रवास स्थानिक वेशात, स्थानिक अन्नावर केला आणि काही काळ 'अब्दल्ला' हे नावही घेतले.

मुंबईच्या मुक्कामात तो घारापुरीला गेला आणि तेथील लेण्यांची मोजमापे व चित्रे त्याने काळजीपूर्वक तयार केली. डिसेंबर १७६४ मध्ये त्याने मुंबई सोडली. मस्कतमार्गे इराणात शिरून पर्सेपोलिसचे कीलाक्षरी लेख त्याने उतरवून घेतले; १८०२ मध्ये ग्रोटेफेंडने त्याच नकलांवरून त्या लिपीची पहिली अक्षरे उलगडली. नोव्हेंबर १७६७ मध्ये नीबूर कोपनहेगनला परतला, तेव्हा आज्ञापत्र देणारा राजा वारून जवळजवळ दोन वर्षे होत आली होती.