खातं ठेवू का नेऊ? साताऱ्या-सांगलीच्या पासबुकांची गोष्ट

दिवाळीत साताऱ्याला घरी गेलो होतो. फराळाचं ताट पुढ्यात ठेवता ठेवता आत्यानं विचारलं, "तू बँकांवरच पीएचडी करतोयस ना रे? मग एवढं सांग, माझं खातं आहे तिथंच ठेवू का दुसरीकडं नेऊ?" पुण्याचा आतेभाऊ तिला फोनवर सारखा सांगतो की चांगलं ॲप असलेली बँक घे, व्याजही थोडं जास्त मिळेल. आत्याचं म्हणणं, पस्तीस वर्षांत बँक बदलली नाही, आता कशाला? मी अर्धा तास बोललो. ठेवविमा, भांडवल, १९४९चा कायदा, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते असू दे. ठेवू का नेऊ?"

तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आज देऊन बघतो. अर्थात इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मागून सुरुवात करणार, त्याला इलाज नाही.

"पस्तीस वर्षांत बँक बदलली नाही" हे वाक्य आमच्या भागात घरोघरी ऐकू येतं. गंमत अशी की ते म्हणणाऱ्या पुष्कळ माणसांच्या बाबतीत ते खरं नसतं. त्यांनी बँक बदलली नाही, बँकच त्यांच्या पायाखालून बदलली. रस्ता तोच, इमारत तीच, कधी कधी काउंटरपलीकडचा माणूसही तोच. पासबुकावरचं नाव तेवढं वेगळं.

नावं बघा. सांगली बँक १९१६ची, म्हणजे संस्थानी काळातली. मिरज स्टेट बँक १९२९ची. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक. या बँकांचं भांडवल गावचं, संचालक गावचे, आणि ठेवीदारही आधी गावचे आणि मग बाहेरचे. मुंबईच्या मोठ्या बँकेला सांगलीतला हळदीचा व्यापारी म्हणजे कोण, हे कागदावरून कळायचं. गावच्या बँकेला तो माणूस आणि त्याचा बापही माहीत असायचा.

या ओळखीला कागदोपत्री रूपसुद्धा होतं. ज्यांनी केवायसीच्या आधीच्या काळात खातं उघडलंय त्यांना आठवत असेल, फॉर्मवर एक सही लागायची: त्याच बँकेतल्या जुन्या खातेदाराची. 'मी यांना ओळखतो' म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या २००२नंतरच्या सूचनांनी ओळखीची जागा हळूहळू कागदपत्रांनी घेतली. पण त्याआधी खातं उघडणं म्हणजे कुणाच्या तरी शब्दावर आत शिरणं होतं. शेजारी, नात्यातलं कुणी, शाळेतले मास्तर, दुकानाचा मालक. साहजिकच खातं दुसरीकडे नेणं म्हणजे त्या माणसाचा शब्द थोडाफार मोडणं.

ही सही मला इतकी महत्त्वाची का वाटते, तर तिच्यावर एक अभ्यास झालाय. २००१च्या मार्चमध्ये गुजरातेत माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली, आणि तिच्या धास्तीनं दुसऱ्या एका सहकारी बँकेसमोर पैसे काढायला रांगा लागल्या. राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांनी त्या बँकेच्या खात्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २०१२ साली आला. कोण पळालं आणि कोण थांबलं? ज्यांचं बँकेशी जुनं नातं होतं, ज्यांनी तिथून कर्ज घेतलं होतं, ते कमी पळाले. ज्यांची ठेव विम्याच्या मर्यादेबाहेर होती ते जास्त पळाले. आणि ज्या माणसाच्या ओळखीच्या सहीनं खातं उघडलं होतं त्याच्या गोतावळ्यातली बाकीची माणसं पळाली, तर आपणही पळण्याची शक्यता वाढत होती. म्हणजे ज्या वाटेनं विश्वास आत आला त्याच वाटेनं घबराटही आली. पळालेल्यांपैकी बहुतेक जण नंतर परत आले नाहीत, हेही त्यात दिसलं.

आता २००६कडे येऊ. गणपतीचे दिवस. २ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशीला चार दिवस बाकी. त्या दिवशी कामकाज संपल्यापासून युनायटेड वेस्टर्न बँकेवर केंद्र सरकारनं मोरेटोरियम लावलं. बँकेचं भांडवल नियमानं लागतं त्यापेक्षा खाली गेलं होतं. ठेवीदाराला एकूण १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढता येणार होती. ज्यांची पेन्शन तिथं, ज्यांचे दुकानाचे चेक तिथं वटायचे, त्यांच्यासाठी या आकड्याचा अर्थ काय होता ते वेगळं सांगायला नको. 'ठेवू का नेऊ' हा प्रश्नच शनिवारी संध्याकाळी बाद झाला, कारण नेता येत नव्हतं.

महिन्याभरात सुटका झाली. ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना शेअरमागं २८ रुपये मिळाले, ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. घाबरून धावपळ करणारा आणि निवांत बसणारा, दोघांच्याही हाती अखेरीस तेच आलं. मधला महिना मात्र ज्याचा त्यानं काढला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांगली बँकेच्या विलीनीकरणाची घोषणा झाली आणि एप्रिल २००७मध्ये जवळपास दोनशे शाखांसकट ती आयसीआयसीआयमध्ये गेली. इथं मोरेटोरियम नव्हतं, रांगा नव्हत्या. मिरज स्टेट बँक तर त्याच्या कितीतरी आधी, १९८५ साली, युनियन बँकेत गेली होती. एका पिढीत तीन नावं पुसली गेली.

इथं कायद्याचा एक बारकावा सांगतोच, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख तिथं आहे. बँकिंग नियमन कायद्यात विलीनीकरणाच्या दोन वाटा आहेत. कलम ४४-अ म्हणजे राजीखुशीची वाट: दोन्हीकडच्या भागधारकांनी मतदान करायचं, मूल्यानं दोन तृतीयांश बहुमत लागतं, मग रिझर्व्ह बँकेची मंजुरी. सांगली बँक या वाटेनं गेली. कलम ४५ म्हणजे सक्तीची वाट: आधी मोरेटोरियम, मग रिझर्व्ह बँक योजना बनवते आणि सरकार मंजूर करतं. १९६०मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर या वाटेला धार आली. सातारची बँक या वाटेनं गेली. एकीत भागधारकाला मत आहे, दुसरीत तेही नाही. ठेवीदाराला दोन्हीत मत नाही. बँकेतला बहुतेक पैसा त्याचा, आणि बँक कुणाला द्यायची हे ठरवताना त्याला कुणी विचारत नाही.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली मांडलं की एखादी संस्था घसरायला लागली की माणसापुढं दोन मार्ग असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. कोणता मार्ग कधी धरायचा ते निष्ठेवर ठरतं. निष्ठा असली की माणूस लगेच निघून जात नाही, आधी भांडून बघतो. मांडणी सुंदर आहे, पण साताऱ्या-सांगलीच्या ठेवीदाराला लावून बघितली की अडखळते. त्याच्याकडं निष्ठा भरपूर होती, आवाज मात्र नव्हता. सहकारी बँकेत तरी आवाज असेल असं वाटतं. तिथंही मत सभासदाला. कर्ज घ्यायचं तर सभासद व्हावं लागतं, नुसती ठेव ठेवायची तर व्हावं लागत नाही. म्हणजे वार्षिक सभेत हात वर करणारे प्रामुख्यानं पैसे नेणारे, ठेवणारे नव्हेत.

मग उरलं निघून जाणं. ते तरी सोपं आहे का? शेतकऱ्याचं उदाहरण घ्या. पीककर्ज गावच्या सोसायटीचं, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा. उसाचं बिल कारखान्याकडून बँकेत येतं आणि कर्जाची वसुली त्यातूनच परस्पर होते. इथं 'खातं बदलतो' म्हणणं म्हणजे कारखाना, सोसायटी आणि बँक यांच्यातली अख्खी साखळी सोडवणं. १४ नोव्हेंबर २०१६ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली. राष्ट्रीयीकृत बँकेत रांग तरी होती, पण ज्याचं खातं फक्त जिल्हा बँकेत होतं त्याला आपल्या ओळखीच्या शाखेत नोट भरण्याची सोयच उरली नाही.

नोकरदाराचं दुखणं वेगळं. मोबाइल कंपनी बदलताना नंबर तोच ठेवायची सोय देशभर २०११पासून आहे. खात्याचं तसं नाही. २०१७ साली रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी बँकांना या दिशेनं विचार करायला सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये २०१३पासून सोय आहे: नवी बँकच सात कामकाजी दिवसांत जुन्या खात्यावरचे हप्ते आणि पगार आपल्याकडं वळवून घेते. आपल्याकडं वीजबिल, विमा, गॅसची सबसिडी, एसआयपी, सगळीकडं आपणच जाऊन सांगायचं. (विलीनीकरणात मात्र हे सगळं आपोआप होतं. बँकेला बदलायचं असतं तेव्हा खाती एका रात्रीत हलू शकतात!)

कराडचं उदाहरण राहिलं. बँक ऑफ कराड १९९२च्या रोखे घोटाळ्यात अडकून बुडाली. मुंबईत रोख्यांशिवायच दिलेल्या पावत्यांनी तिचा घात केला. कराडच्या खातेदारानं शाखेत रोज जाऊन बघितलं असतं तरी त्याला ते दिसलं नसतं. गावच्या बँकेतल्या ओळखीची मर्यादा तिथं उघडी पडते: आपण मॅनेजरला ओळखतो, ताळेबंदाला नाही. ठेवविम्याची मर्यादा तेव्हा ३०,००० रुपये होती. १९६२ साली ती १,५०० पासून सुरू झालेली, मे १९९३मध्ये १ लाख झाली, आणि २०२०च्या फेब्रुवारीत ५ लाख. त्याच वर्षी डिसेंबरात कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. एकच गाव, मध्ये २८ वर्षं. पण १९९३ ते २०२० या काळात महागाई कितीही वाढली तरी मर्यादा लाखावरच अडून होती, हेही विसरू नये.

तर आत्या, उत्तर असं. कुठल्या बँकेत राहायचं यापेक्षा आधी हे बघ की एका बँकेत तुझे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांच्या वर किती आहेत. सगळ्या शाखांमधल्या रकमा एकत्रच मोजतात. दोन बँकांत वाटून ठेवलंयस आणि उद्या त्या दोन एक झाल्या, तर विमाही एकच होईल. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. एवढं बघून झालं की पेन्शनचं खातं आहे तिथं राहू दे. जास्तीची रक्कम दुसरीकडं ने. ॲप कसलंही असो.

जाता जाता एक. चिरमुल्यांची विमा कंपनी १९५६च्या राष्ट्रीयीकरणात एलआयसीत गेली. त्यांची बँक २००६मध्ये आयडीबीआयत गेली. जानेवारी २०१९मध्ये एलआयसीनं आयडीबीआयचा ५१ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे साताऱ्यात निघालेल्या दोन संस्था मुंबईमार्गे पुन्हा एका छपराखाली आल्या.

हे आत्याला फोनवर सांगितलं. तिला विम्याचा भाग पटला, चिरमुल्यांचा आवडला. मग म्हणाली, "दुसरं खातं उघडते मग. पण ओळखीची सही कुणाची घेऊ?" आता सही लागत नाही, आधार आणि पॅन पुरतं, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग त्यांना कसं कळणार मी कोण ते?"