दिनमानदर्शन, घरगुती

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ म्हणजे दिनमान. त्याची रोजची घटवाढ व सूर्याचे त्या क्षणीचे स्थान स्मार्ट डिस्प्लेवर, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या आणि घरातील दिवे, पडदे इत्यादींचे नियंत्रण करणाऱ्या स्क्रीनवर, दाखवण्याची ही व्यवस्था आहे. पंचांगात दिनमान घटी-पळांत देतात (१ घटी म्हणजे २४ मिनिटे, १ पळ म्हणजे २४ सेकंद). मात्र ते ज्या गावासाठी काढलेले असते त्या गावापुरतेच नेमके असते. डिस्प्ले तेच गणित त्या घराच्या अक्षांश-रेखांशांसाठी करतो, हा त्याचा खरा फायदा. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सुमारे ६.२ अंशांचा फरक असल्याने प्रमाणवेळेनुसार नागपूरचा मध्यान्ह सुमारे २५ मिनिटे आधी होतो. त्यामुळे यंत्रात स्थळ चुकीचे नोंदवले गेल्यास पुढचे आकडेही चुकतात.

सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसू लागते तो क्षण सूर्योदयाचा मानतात. त्या वेळी बिंबाचा मध्य भूमितीच्या हिशेबाने क्षितिजाखाली ५० कला (१ कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो : ३४ कला वातावरणात किरणांना येणाऱ्या वाकामुळे, म्हणजे प्रणमनामुळे, आणि १६ कला बिंबाच्या त्रिज्येमुळे. म्हणूनच विषुवदिनी मुंबईचे दिनमान बरोबर १२ तास नसून सुमारे ७ मिनिटांनी अधिक भरते. सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, वर्षभरात उत्तरेस व दक्षिणेस सुमारे २३.४ अंशांपर्यंत बदलते, आणि या बदलाचा दिनमानावरील परिणाम अक्षांशाबरोबर वाढत जातो; त्यामुळे मुंबईचे दिनमान सुमारे ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान राहते, तर लंडनमध्ये ते डिसेंबरात ८ तासांहून कमी आणि जूनमध्ये साडेसोळा तासांहून अधिक असते.

डिस्प्लेवरचा एक आकडा हमखास संशय उत्पन्न करतो. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा असला, तरी मुंबईत सूर्यास्त सर्वांत लवकर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो, आणि सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. हा यंत्राचा दोष नव्हे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्याने घड्याळाचा मध्यान्ह व सूर्याचा मध्यान्ह यांत पडणारा, कालसमीकरण नावाचा फरक त्याला कारणीभूत आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीत सूर्याचे उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) व दिगंश (क्षितिजावरील दिशा) सतत उपलब्ध असतात. त्यांच्या आधारे सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेल्यावर, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपताना, दिवे लावण्याचा नियम घालता येतो. ‘सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने’ या नियमापेक्षा तो सरस ठरतो, कारण संधिप्रकाशाची लांबी ऋतूनुसार आणि अक्षांशानुसार बदलते.

या व्यवस्थेची मुख्य मर्यादा अशी की ती मोजत नाही, गणित करते. समोरची इमारत, डोंगर आणि ढग या गणितात येत नाहीत. प्रत्यक्ष ऊन मोजण्याची परंपरा निराळी आहे : कॅम्बेल-स्टोक्स उपकरणात काचेचा गोळा किरण एकत्र करून कागदी पट्टीवर जळका माग उमटवतो, आणि जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार थेट सौर प्रारण दर चौरस मीटरला १२० वॉटांहून अधिक असेल तेवढाच काळ सूर्यप्रकाशाचा धरतात. काही डिस्प्लेंमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर असतो खरा, परंतु त्याचे काम स्क्रीनची उजळता खोलीशी जुळवण्याचे असते. कोकणात जुलैमध्ये दिनमान १३ तासांचे असूनही ऊन दिवसचे दिवस पडत नाही. तेथे दुपारी दिवा लावावा की नाही हे ठरवण्यासाठी खिडकीबाहेर लावलेला लक्समापक सेन्सरच उपयोगी पडतो, दिनमानाचा आकडा नव्हे.